माघातली धाव

शके १८६८, माघ शुद्ध द्वितीया. लोणावळ्याच्या अंगाला, वलवणच्या धरणापलीकडे वसलेल्या मौजे आंबेगव्हाणच्या चावडीवर, दिवस कासराभर वर आला असता, गावचे मानकरी एका प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी जमले होते. येत्या पौर्णिमेस वाघजाईचा मुखवटा उंबरवाडीच्या पठारावर न्यायचा, तो नेहमीप्रमाणे महिपतीच्या बैलगाडीतून न्यायचा की रखमाजीने नुकत्याच आणलेल्या जीपगाडीतून, असा तो प्रश्न होता.

हा मान महिपतीच्या घरात त्याच्या बापापासून चालत आला होता. वर्षातून एक दिवस तो नव्या घोंगडीवर मुखवटा ठेवून गाडी हाकी, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना माणसे हात जोडून उभी राहत. ते हात देवीला जोडलेले असत, हे त्याला ठाऊक होते. तरी त्यांतले थोडेसे आपल्याही वाट्याला येते असे त्याला वाटे, आणि त्या थोडक्यावर तो उरलेले वर्ष काढी.

रखमाजी हा त्याचा धाकटा चुलतभाऊ. लढाईच्या काळात त्याने लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या, आणि लढाई संपल्यावर मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावातून ही हिरवी, बिनटपाची, बेडकासारखी बसकी मोटार घरी आणली. त्या दिवसापासून महिपतीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. लोक त्या मोटारीभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरत, ते तो सोसू शकला असता. परंतु आठवड्याच्या बाजाराला त्याची स्वतःची बायको कस्तुराबाई तीत बसून लोणावळ्याला जाऊन आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आवं, पोटातलं पानी हाललं न्हाई." लग्न झाल्यापासून ती महिपतीच्या गाडीत बसत आली होती, पोटातल्या पाण्याविषयी ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती.

चावडीवर महिपतीने आपली बाजू बारकाईने मांडली. मोटार उभी असताना तो तिच्याखाली वाकून सारे पाहून आला होता.

"आबा, ही मोटार सायबानं सडकंसाठी घडवलीया," तो म्हणाला. "हिच्या दोनी कण्यांना मधोमध लोखंडी गोळे हायती, तोफंच्या गोळ्यावानी. खिंडीतल्या धोंड्यावर गोळा टेकला का चाकं हवेत फिरत बसतील. मग देवी तितंच बसवायची का?"

भिमाजी आबा हे गावातले सर्वांत वडील मानकरी. त्यांनी रखमाजीकडे पाहिले.

"दादाचं खोटं न्हाई," रखमाजी म्हणाला. "म्हणून तर लोनावळ्याच्या मिस्तरीला सांगून ठेवलंय. कमानीत दोन पाटे वाढवून मोटार वीतभर उचलून घेतो. वर लाकडी हौदा बसवतो."

महिपती याच क्षणाची वाट पाहत होता.

"माघ लागलाय, रखमा," तो शांतपणे म्हणाला. "माघ लागल्यापासून देवी वाडीवरून परत येईस्तोवर तिच्या गाडीला सुताराचा न् लोहाराचा हात लागत न्हाई. इसरलास का लष्करात?"

चावडीवर हशा पिकला. नियम जुना होता, आणि तो सर्वांना मान्य होता. देवीपुढे माणूस जसा असेल तसा उभा राहतो, गाडीनेही तसेच उभे राहावे, इतकाच त्याचा अर्थ. रखमाजीने क्षणभर टोपी काढून डोके खाजवले.

"मग हाय तशीच नेतो," तो म्हणाला.

"बोलनं आन् चढनं येगळं," आबा म्हणाले. "आष्टमीला दोनी गाड्या वर न्या. मुखवट्याच्या भाराचे धोंडे दोघांतबी. मी मोटारीतनं चढंन, गाडीतनं उतरंन. आन् नेम दोघांनाबी सारखा."

महिपती घरी आला तो जिंकल्यासारखा. ते समाधान पुरते दोन दिवसही टिकले नाही. चतुर्थीला त्याने दुरून पाहिले की रखमाजी मोटारीत पेंढ्याचा ढीग भरून भातखाचरांतून येत आहे, आणि बांध आला की मोटार नाक वर करते, बांधावर क्षणभर टेकते आणि पलीकडे उतरते. तिला ना चाबूक लागत होता, ना शिवी. ते पाहून त्याला जे वाटले, त्याला भीती म्हणावे तर त्यात राग होता आणि राग म्हणावा तर त्यात कौतुकही होते. आणि ते कौतुकच त्याला सर्वांत अधिक बोचले.

संध्याकाळी त्याने आपली गाडी तपासली. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्याने चाकांचे लाकूड आकसले होते आणि त्यांवरची लोखंडी धाव ढिली पडून बोटाने हलत होती. यात नवल काही नव्हते. दर वर्षी असे होई, आणि दर वर्षी तो चाके काढून धरणाच्या पाण्यात टाकी. लाकूड फुगे, धाव आवळली जाई, नियमही राहत असे. परंतु धाव बापाच्या वेळची होती, झिजून पातळ झाली होती. आणि मत्सराने ग्रासलेल्या माणसाला नेहमीचे पुरत नाही. नियम गावाचा आहे, म्हणून तो गावच्या लोहाराला लागू. तळेगावचा लोहार गावचा नव्हे. आणि अष्टमीची फेरी ही परीक्षा आहे, यात्रा नव्हे, असा युक्तिवाद त्याने मनाशी रचला. युक्तिवाद इतका चांगला जमला की तो चावडीवर करता येणार नाही, याचे त्याला वाईट वाटले.

पंचमीला त्याने गाडीत पेंढा भरला.

"पेंढा तळेगावला? हितं गिऱ्हाईक न्हाई व्हय?" कस्तुराबाईने विचारले.

"तितं भाव बरा हाय."

"बैलांस्नी मोटारीच्या वाटंनं नका नेऊ," ती हसून म्हणाली. "बघून लाजतील."

तो निघाला. सप्तमीला परत आला तेव्हा दोन्ही चाकांवर नवी, जाड धाव होती, आणि तिच्यावर त्याने वाटेतला चिखल हाताने फासला होता.

अष्टमीला सकाळी दोन्ही वाहने निघाली. पुढे मोटार, तीत रखमाजीशेजारी आबा, मागे महिपती. पहिली चढण मोटार सहज चढली. मग ओढा आला. पाणी आटून गुळगुळीत गोट्यांचा पट्टा उरला होता. मोटार त्यावर गेली, मागली चाके गरगर फिरली, गोटे उडाले, आणि ती जागच्या जागी रुतत चालली.

महिपतीचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावेना. त्याने गाडी थांबवली, कासरा सैल केला, आणि कृपाळू स्वरात विचारले, "बैल सोडू का, रखमा? वढून देतो. आपलंच मानूस तू."

"थांब, दादा," रखमाजी म्हणाला. "पुढल्या चाकांस्नी अजून सांगितलंच न्हाई."

त्याने पायाशी असलेला एक आखूड दांडा ओढला. मोटार किंचित थरथरली. मग पुढली चाके ओढू लागली, मागली ढकलू लागली, आणि ती ओढ्यातून अशी वर आली, जशी म्हैस पाण्यातून उठते. महिपतीने कासरा पुन्हा आवळला. चारी चाके चालतात, ही गोष्ट त्याने वाकून पाहिली होती. चावडीवर मात्र तो फक्त गोळ्यांविषयी बोलला होता.

खिंडीत तो धोंडा आला. रखमाजीने त्याला चाकांच्या मध्ये घेतले नाही. डावे चाक नेमके धोंड्यावरच चढवले. तरी उतरताना मागला गोळा खडकावर खरवडला आणि असा चरचरीत आवाज झाला की आबांनी डोळे मिटले. पण मोटार अडली नाही.

नव्या धावेने गाडीही सुरेख चढली. दगडावर चाक घसरले नाही, कुठे करकरले नाही. मोटारीच्या मागोमाग ती उंबरवाडीच्या पठारावर पोचली तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस होता, आणि महिपतीच्या तोंडी वाद तयार होता.

"आबा, दोनी गाड्या वर आल्या," तो म्हणाला. "पर मोटारीचं पोट धोंड्याला लागलं. पुनवेला देवीला धक्का बसला तर? माजी गाडी कुटंबी थटली न्हाई. दोनी सारख्या असतील, तर मान जुन्याचा."

बोलणे रास्त होते. मोटार पाहायला जमलेल्या वाडीतल्या माणसांतून गोविंदा म्हणाला, "महिपतीभाऊची गाडी औंदा लय गुमान आली. दर साली खिंडीतच वाजती तिची धाव. ती ऐकली का देवी आली म्हणून आमी आरतीचं ताट घेतो."

आबा तंबाखू मळायला गाडीच्या सावलीत बसले होते. त्यांनी मळणे थांबवले, चाकाकडे तोंड केले, आणि वाळलेला चिखल नखाने खरडला. खालून निळसर, हातोड्याचे ठोके उमटलेले नवे लोखंड दिसू लागले. लाल तापलेली धाव लाकडावर चढवताना लाकूड जिथे जळते, तिथे त्यांनी बोट फिरवले, आणि काळे झालेले बोट उन्हात धरले.

"गावच्या लोहाराचं काम न्हाई हे," ते म्हणाले.

"न्हाई," महिपती म्हणाला. त्याचा युक्तिवाद त्याला अजून शब्दशः पाठ होता. त्याने रखमाजीकडे पाहिले. रखमाजी हसला असता, तर त्याने तो मांडलाही असता. पण रखमाजी खाली वाकून खरवडलेल्या गोळ्यावरची माती पुसत होता, आणि तिकडे पाहतच नव्हता.

"नेम तूच काढलास, महिपती," आबा म्हणाले.

महिपती बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. काळे बोट त्यांनी धोतराला पुसले, आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मोटार हाय तशी हाय. गाडी हाय तशी न्हाई. औंदा मुखवटा मोटारीत."