वीसजणांची होडी

"एकवीस," हमीद म्हणाला आणि त्याने होडीच्या तोंडाशी आडवा हात धरला.

हातापलीकडे येसूबाई उभी होती, काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. पलीकडच्या तीरावर तिच्या लेकीचं, हेमालीचं सासर. आज तिथे नातीचं बारसं होतं.

"हमीदभाय, मी येवढीशी बाई. मी काय नारलाची गोण हाय का?"

"भाराचं न्हाय, वहिनी. वीसच माणसं न्यायची, तसा कायदा हाय. जाकिटं पन वीसच. पाऊण तासात परत येतो, पहिल्या तुम्हीच बसा."

"पाऊण तासात पोरीचं नाव ठेवून व्हईल," ती फणकाऱ्याने म्हणाली.

हमीद तीस वर्षं या खाडीत होडी चालवत होता. खाडी एकच, पण तीर दोन जिल्ह्यांचे. अलीकडे धक्क्यावरचा बाबू माणसं मोजायचा, जाकीट घातल्याशिवाय दोर सोडू द्यायचा नाही. पलीकडच्या परवान्यावरही आकडा होताच, पण मोजायला कुणी नव्हतं. तिकडचा बुधाजी आपली होडी धक्क्याला लावायचाच नाही. बाजूच्या चिखलातून माणसं भरून न्यायचा. बाबू म्हणायचा, "ती होडी आपली नव्हे."

येसूबाई त्या होडीत बसली.

हमीद पलीकडे माणसं उतरवून रिकामाच परत निघाला होता. ओहोटी लागली होती आणि समुद्राकडून वारा सुटला होता. समोरून बुधाजीची होडी येताना त्याला दिसली. लाट अंगावर आली तशी माणसं एका बाजूला सरकली आणि पुढच्या क्षणी तिथे होडी नव्हती, नुसती डोकी होती. हमीदने इंजिन ताणलं, जाकिटं पाण्यात फेकली. नऊजण ओढून काढले. दहावी येसूबाई होती. सुकाणू वाचलेल्यांपैकी एकाच्या हाती देऊन, तिला आडवी करून तो छाती दाबत राहिला. धक्का आला तरी दाबतच राहिला. शेवटी बाबूने त्याचे हात धरले.

चौकशीला दोन्ही तीरांवरचे साहेब आले.

"होडी नेमकी कुठे उलटली? आमच्या हद्दीत की यांच्या?"

"मधी," हमीद म्हणाला.

"मधे म्हणजे कुठे?"

"पाण्यात, साहेब."

जाताना अलीकडच्या साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही नियम पाळलात. तुमच्यावर काही येत नाही."

हमीदने मान हलवली. घरी बायकोने, जहुराने भाकरी वाढली, त्याने खाल्ली. रडू यायला हवं होतं, निदान बुधाजीचा राग तरी. काहीच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर गेला आणि वीस मोजून निघाला. तिसऱ्या दिवशीही.

दीड महिन्याने येसूबाईचा नवरा, हिरामण, धक्क्यावर आला. होडीत तेव्हा सहाजण होते. तो होडीत चढून बसला. जाकिटाचा पट्टा त्याला लागेना, म्हणून हमीदने वाकून लावून दिला.

खाडीच्या मध्यावर हिरामणने विचारलं, "तुझ्याशी काय बोलली ती, शेवटाला?"

"पाऊण तासात पोरीचं नाव ठेवून व्हईल, म्हनल्या."

हिरामण पाण्याकडे बघत राहिला. "तवा ठेवलंच न्हाय. आज ठेवतायत."

इंजिन धडधडत होतं. हमीदला वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच बोलता येणार नाही.

"दादा, त्या दिवशी मी वहिनींना घेतलं असतं तर..."

"तर एकवीस झाली असती," हिरामण म्हणाला. रागाने नाही, की माफ केल्यासारखंही नाही.

पलीकडचा तीर आला. हिरामणने जाकीट काढून फळीवर ठेवलं आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला. मग वळला आणि मागून उतरणाऱ्या बाईमाणसाला द्यावा तसा हात त्याने होडीकडे पुढे केला. तिथे कुणीच नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग तो त्याने धोतराला पुसला आणि चढणीला लागला.

हमीदने इंजिन बंद केलं नव्हतं. परतीची माणसं पाण्यात उतरून होडीकडे येत होती. तो मोजू लागला.