करवंदाचं बी

"उकरू नका, आत्या. यायचं तवा येईल."

आशा मागून बोलली, तोवर गजराबाईचं नख पिशवीतल्या मातीत शिरलं होतं. करवंदाचं बी हाताला लागलं. चिमटीत धरलं तर त्याचं पीठ झालं. कुंपणाशी ओळीनं मांडलेल्या बाकीच्या पिशव्याही तशाच मुक्या होत्या. आखाड सरत आला होता, आणि त्यांत गवताशिवाय काही उगवलं नव्हतं.

"तूच पाणी लई घातलं," गजराबाई सुनेला म्हणाली.

आशानं उकरलेली माती सारखी केली. सासूला उलटून बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि ती रीत गजराबाईनंच घातली होती.

बियाणं म्हणजे गजराबाईचं राज्य. निमगाव सावा गावात कुणाचा दुधी उगवला नाही, कुणाचा घेवडा किडला, की बाया तिच्याच दारी यायच्या. ती बी राखेत घोळायची, उन्हात खडखडीत वाळवायची, मडक्यात भरून चुलीवरच्या फळीवर ठेवायची. मागणारीला द्यायची मूठभर, पण आधी दोन शब्द सुनावायची.

आशाची आई प्रयागबाई डोंगरातल्या घाटघरची. दर उन्हाळ्यात परसातल्या जाळीची करवंदं पाटी भरून धाडायची. "शेरडं खात्यात ते आमाला धाडत्यात व्हय विहीणबाई?" असं गजराबाई म्हणायची, आणि निम्मी पाटी एकटी संपवायची. साखरेसारखी करवंदं ती.

ह्या उन्हाळ्यात पाटी आली तेव्हा प्रयागबाईनं अंथरूण धरलं होतं. भावकीनं वाटणीत आलेलं परस सपाट करायचं ठरवलं होतं; जाळी राहणार नव्हती. आशानं करवंदं चोळून बी काढलं, धुतलं आणि ओलंच पेरायला बसली.

"आई म्हनती, सुकलं की मेलं हे बी. आपल्या कुंपनाला लावते, आत्या. तिची तेवढीच..."

"वलं बी? कुजंल की समदं! मी काय काल शेतात आले? डोंगरातली बाई मला बियानं शिकवती!"

गजराबाईनं बियांचं ताट ओढून घेतलं. मग राख, ऊन आणि चुलीवरची फळी. मिरग निघाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं पेरलं. तोवर घाटघरला जेसीबी फिरला होता, आणि प्रयागबाईचा दहावाही होऊन गेला होता.

आखाडातल्या त्या दिवशी नखाला लागलेलं ते पीठ गजराबाईनं पदराला पुसलं. बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण "चुकलं माझं" एवढे दोन शब्द तिच्या तोंडात कधी रुळलेच नव्हते. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आशा विचारलं तेवढंच बोलायची. माहेरचं नाव काढायची नाही.

पुढच्या वैशाखात गजराबाई कुणाला न सांगता एस्टीत बसली आणि ओतूरच्या बाजारात उतरली. डोंगरातली एक बाई पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती.

"ह्याचं बी वलंच पेरत्यात का गं?"

"आजे, करवंदाला कोन पेरतं?" बाई खिदळली. "आपसूक येतं ते!"

उभ्या जन्मात गजराबाईला कुणी बियाण्यावरून हसलं नव्हतं. तिनं गुमान द्रोण पिशवीत घातले.

घरी येऊन ते आशापुढं ठेवले. काय बोलायचं ते वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. उंबऱ्यात सगळं सांडलं. "घे. तुझी आई म्हनत व्हती तसं पेर."

आशानं एक करवंद तोंडात टाकलं. "आंबट हाय," एवढंच म्हणाली, आणि बी धुवायला उठली.

मिरगाच्या आतच पिशव्यांतून हिरवी जोडपानं वर आली.

शेजारची भागू दुध्याचं बी मागायला आली, ती कुंपणाशीच थबकली. "अगं बया! करवंदं का गं ही, आशा? प्रयागबाईच्या जाळीची?"

ओट्यावर घेवडा सोलणाऱ्या गजराबाईचा हात थांबला. आशा वाकून पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "आईचीच."

"तरी म्हनलं! गजराकाकूच्या हातचं बी, न उगवून सांगतंय कुनाला!"

गजराबाईनं तोंड उघडलं. मग शेंगांचा ढीग पुढ्यात ओढला आणि खाली मान घालून सोलत राहिली. दाणे टरफलांत पडत होते, टरफलं दाण्यांत.