यात्रेतला कोरडा घाणा

मी घाणा आहे, मित्रांनो. जुना, लाकडी, तेल गाळायचा घाणा. तुमच्या घरी तेल पिशवीतून येते, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. चिंचेच्या खोडाचे कोरलेले उखळ, त्यात फिरणारी बाभळीची जाड लाट आणि लाटेला जोडलेली एक लांब फळी, एवढाच मी. फळीवर वजनाला माणूस बसतो, बैल ती फळी ओढत गोल फिरतो आणि उखळातले तीळ चिरडून तेल सुटते.

अमळनेरजवळच्या एका खेड्यात कौतिक चौधरींच्या वडिलांनी मला घडवले. पुढे कौतिकआबांनी मला चालवले. त्यांची बायको सुनंदाबाई फळीवर बसायची आणि बसल्या बसल्या लसूण सोलायची. आसपासच्या गावांतून लोक तीळ आणि शेंगदाणे घेऊन यायचे. ताज्या पेंडीचा तुकडा पोरांच्या हातावर पडायचा. "आबांच्या घाण्याचं तेल शे," असे बाया अभिमानाने सांगायच्या. ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

मग गिरणीचे स्वस्त तेल आले आणि माझ्याकडे येणारी पायवाट बुजली. तरी आबांनी मला टाकले नाही. घरापुरते तीळ ते माझ्यात गाळत राहिले. चांद्या नावाचा म्हातारा बैलही त्यांनी विकला नाही.

एके दिवशी हितेंद्र नावाचे गृहस्थ आले. शिंदखेड्याकडच्या एका मोठ्या यात्रेत ते 'जुना खान्देश' नावाचे दालन उभारत होते. "आबा, हा घाणा म्हणजे आपला वारसा आहे," ते म्हणाले. "तुम्ही तो चालवून दाखवा. पोरांना कळू द्या, आपले वाडवडील कसे जगले ते." आबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कोणी माझे नाव काढले नव्हते. मला उपटून ट्रकवर चढवले, तेव्हा सुनंदाबाईंनी मला हळदकुंकू लावले.

यात्रेत एका बाजूला आकाशपाळणा होता, दुसऱ्या बाजूला मौत का कुआँ आणि मध्ये आमचे दालन. जुनी नाणी, दगडी पाटे, लोहाराचे भाते, गंजलेल्या तलवारी. मला भडक रंग फासून मधोमध लाल गालिच्यावर रोवले. आबांना मोठा फेटा बांधला आणि नकली मिशा चिकटवल्या. ते आयुष्यभर सदरा आणि पांढरी टोपी घालत आले होते. पण हितेंद्र म्हणाले, घाणेवाला असाच दिसायला हवा.

आबांनी पिशवीतून तीळ काढले. हितेंद्र धावत आले. "नको नको! गालिचा तेलकट होईल. नुसता फिरवा."

"भाऊ, कोरडा नका फिरवू," आबा म्हणाले. "लाकडावर लाकूड घासतं. जड जातं बैलले."

"लोकांना फिरताना दिसलं की झालं."

मित्रांनो, मी त्यानंतर कोरडा फिरलो. तेल असले की माझी लाट लोण्यासारखी सरकते. तेल नसले की ती उखळाला धरून ठेवते आणि किंचाळते. लोकांना ते किंचाळणे आवडले. ते मोबाइल पुढे करून म्हणायचे, "ऐका, काय जुना आवाज आहे!" मग त्यांना फळीवर बसून फोटो काढावेसे वाटू लागले. जिथे एकटी सुनंदाबाई बसायची, तिथे पाच-सहा धडधाकट माणसे बसू लागली. चांद्या ओढत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने गुडघे टेकले आणि गालिच्यावर तोंड ठेवले.

आबांनी त्याला सोडले आणि पाणी पाजले. तेवढ्यात तालुक्याचे कोणी मोठे पाहुणे आले. हितेंद्र आबांच्या कानाशी लागले. "आबा, माझी लाज जाईल. दोन फेऱ्या तरी फिरवा. बैल उठवा."

"तो नही उठाव, भाऊ. मरी जाई."

"मग काय करू मी?"

आबांनी चांद्याकडे पाहिले. मग जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले.

दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे हसून म्हणाले, "व्वा! माणूसच बैल झाला!" ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत गावोगावी पोचली. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागली. आता कोणाला बैल बघायचा नव्हता. आबांनी हात जोडून नाही म्हटले, तेव्हा हितेंद्र शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग चांद्याला जुंपा."

आबांनी पुन्हा खांदा दिला. त्यांचा घाम माझ्या फळीवर ठिबकत होता. मला हलके व्हायचे होते, मित्रांनो. पण कोरडे लाकूड स्वतःहून हलके होत नाही.

मग अमळनेरच्या एका शाळेची सहल आली. बाईंनी मुलींना फळीवर बसवले. त्यांत भाविका होती. आबांची नात. सुनंदाबाईंसोबत ती कितीदा या फळीवर बसली होती! रंगवलेल्या मला तिने ओळखले नाही, फेट्यातल्या आबांनाही नाही. आबांनी मात्र तिला पाहिले. त्यांनी तोंड फिरवले, मान खाली घातली आणि ओढू लागले.

मुली ओरडत होत्या, "हर्र! चल रे बैला!" भाविकाही ओरडत होती.

वळणावर आबांचा पाय गालिच्यात अडकला. ते हातांवर पडले आणि फेटा गडगडत गेला. एक मिशी गालावर लोंबत राहिली.

"आबा?" भाविका म्हणाली.

बाजूची मुलगी खिदळली. "भाविके, हा बैल तुझा आबा?"

सगळ्या हसल्या. भाविका हसली नाही. ती खाली उतरली आणि आबांच्या शेजारी जाऊन जुवाला आपला खांदा लावू लागली. तिला वाटले, आबांनी हे काम करायचेच असेल, तर निदान जड तरी जाऊ नये.

हितेंद्रांनी माइक उचलला. "बघा मंडळी! आजोबा आणि नात! परंपरा अशी पुढे जाते! जोरदार टाळ्या!"

खरोखर जोरदार टाळ्या पडल्या.

आबांनी जू खाली ठेवले. "उतरा बठ्ठा," ते फळीवरच्या सगळ्या मुलींना म्हणाले. कोणी उतरले नाही. सगळ्यांना तो खेळाचाच भाग वाटला. आबांनी मिशी उपटली, एका हाताने चांद्याचा कासरा धरला, दुसऱ्या हाताने भाविकाला, आणि ते दाराकडे चालू लागले.

"आबा, घाणा?" हितेंद्रांनी विचारले.

"ठेवा तुमनाकडे," आबा मागे न बघता म्हणाले. "मना नही तो आते."

घाणा आता आपला नाही, असे मला घडवणाऱ्याचा मुलगा बोलला. तासाभरात दुसरा मजूर मिळाला. पडलेला फेटा झटकून त्याच्या डोक्यावर बसवला आणि मी पुन्हा किंचाळत फिरू लागलो. यात्रेच्या शेवटी दालनाला पहिले बक्षीस मिळाले.

आता मी एका गोदामात पडून आहे. पुढच्या यात्रेपर्यंत. माझ्या उखळात गुटख्याच्या पुड्या आणि रिकाम्या बाटल्या आहेत. लाट मधोमध चिरली आहे. मला पुसून, तेल लावून जपा, असे मी तुम्हाला सांगणार होतो. पण ते राहू द्या. लाकूड गेले तर गेले. मित्रांनो, जुन्या काळाची गंमत बघायला तुम्ही जरूर जा. फक्त बसायच्या आधी एकदा पुढे वाकून बघा, ओढतो आहे कोण.