जयूताईंचे भाडेकरू

श्रीधरने नानाखेड्याचं आपलं तीन मजली घर थोरल्या बहिणीच्या नावावर करून दिलं, तेव्हा नातेवाइकांचे डोळे पाणावले. लग्न न झालेली जयूताई, तीस वर्षं भावाकडे पोळ्या लाटत आलेली. तिच्या म्हातारपणाची सोय केली म्हणाले. सोय केली होती ती सायलीची. श्रीधरच्या या लेकीला मेडिकलच्या सीटसाठी आर्थिक दुर्बलतेचा दाखला हवा होता आणि घरात चार एसी होते. एवढा सुखवस्तू माणूस दुर्बल व्हायचा कसा? तर बहिणीच्या घरात भाडेकरू होऊन!

"ताई, बस कागजाची बात आहे," श्रीधर म्हणाला. "घर तर आपलंच."

आपलं म्हणजे कुणाचं, हे जयूताईंनी विचारलं नाही. या घरात विचारायची त्यांना सवयच नव्हती.

दाखला मिळाला, सीट मिळाली, पेढे वाटून झाले. आणि जयूताईंची वृद्धावस्था पेन्शन बंद झाली. महिन्याचे सहाशे रुपये. घरात त्या रकमेची टिंगल चालायची, पण जयूताईंकडे स्वतःचे म्हणावेत असे पैसे तेवढेच. पेन्शनच्या दिवशी त्या ऑटोने एकट्या देवास गेटला जायच्या, पोहे-जिलेबी खायच्या आणि कुणाला काही न सांगता परत यायच्या.

चौकशीला गेल्या, तर खिडकीतल्या बाईने हात जोडले. "अम्मा, तीन मंजिल का मकान है आपका. गरीबों का हक क्यों मारती हो?"

रांग वळून बघू लागली. जयूताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सहाशेच ना? मी देईन की," श्रीधर म्हणाला आणि विसरला. जयूताईंनी दोनदा आठवण करून दिली, तेव्हा त्याची बायको देवश्री म्हणाली, "वन्सं, तुम्हाला इथे कमी काय आहे हो?"

वर्ष संपलं, दाखल्याची मुदतही संपली. फीच्या सवलतीला दरवर्षी नवा दाखला लागायचा आणि त्यासाठी पटवारी घर बघायला येणार होता. देवश्रीने एसींवर चादरी टाकल्या, फ्रिज शेजारी रवाना केला आणि स्वतः जयूताईंचं विटकं लुगडं नेसून बसली. जयूताईंना मात्र आपली माहेश्वरी नेसवली. मालकीण शोभायला नको?

"काहीही विचारलं तरी हां म्हणायचं," श्रीधरने बजावलं.

पटवाऱ्याने खुर्चीत बसून कागद उघडला. "ये लोग आपके किरायेदार हैं?"

"हां जी."

"किराया बराबर देते हैं?"

श्रीधर दारातून जोरजोरात होकाराची मान हलवत होता.  जन्मभर जयूताई भावाचं तोंड बघून बोलत आल्या होत्या. या वेळी त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

"एक पैसा नहीं दिया, साब. साल भर का बाकी है."

"बिना किराए के रहते हैं?" पटवाऱ्याने पेन उचललं. "फिर तो मकान इन्हीं का समझो."

श्रीधर आत पळाला, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि तो नोटांचं बंडल घेऊनच बाहेर आला. "आज देने ही वाला था, साब!" म्हणत त्याने ते बहिणीच्या हातात ठेवलं. पटवाऱ्याने कागदावर 'किरायेदार' लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

दार लागताच श्रीधरने हात पुढे केला. "आण, ताई."

जयूताईंनी बंडल कमरेला खोचलं. "भाडं कधी कुणी परत मागतं का रे?" त्या म्हणाल्या. "पुढचं एक तारखेला आणून दे."