गोल चक्करचा संशयित

पोलिसांचे हुशार कॅमेरे निरपराध माणसांनाही संशयित ठरवतात, हे सिद्ध करण्यात हेरंब दांडेकरांची चौदा वर्षं गेली होती. अडचण एवढीच, की असा एकही माणूस त्यांच्याशी बोलायला तयार होईना. प्राध्यापकपदाची शेवटची मुलाखत पंधरा दिवसांवर आली आणि चंदीगडच्या गोल चक्करवर, म्हणजे वाहतुकीच्या वर्तुळावर, कॅमेऱ्याने खुद्द हेरंबनाच टिपलं. कॅमेऱ्याची नोंद होती: हा इसम रोज सकाळी फेऱ्या मारतो आणि कुठेही जात नाही. खरं तर हेरंब तिथले कॅमेरे मोजत होते.

हेरंब खूश झाले. उदाहरण घरबसल्या मिळालं.

पाळतीवर हवालदार गुरमीत आला, तो सरळ फाटकाशी खुर्ची टाकून बसला. "सरजी, रोज रिपोर्ट देनी है. बुरा मत मानना."

हेरंबनी रिपोर्ट वाचायला मागितला. 'संशयित घबराया हुआ लगता है.' त्यांच्यातला मास्तर गप्प बसेना. "लगता है मत लिखिए. कितने बजे, कितनी बार, वो लिखिए."

मग रोज संध्याकाळी चहाबरोबर तपासणी होऊ लागली. फेऱ्यांचा तक्ता झाला, थांबण्याच्या जागांचा नकाशा झाला.

"पाळत ठेवणाऱ्याची वही तपासणारा संशयित मी पहिल्यांदाच पाहतेय," कप उचलताना त्यांची बायको आसावरी म्हणाली.

"अगं, काम तरी नीट होतंय."

मुलाखतीत हेरंबनी स्वतःचंच उदाहरण मांडलं. निवड समितीच्या अध्यक्ष शैलजाबाई मूळच्या सांगलीच्या. वाईट बातमी त्या मराठीत देत. त्यांनी पोलिसांकडून मागवलेला अहवाल उघडला.

"हेरंबराव, इतकं काटेकोर निरीक्षण मी तीस वर्षांत पाहिलं नाही. हे वाचून कोणालाही तुमचा संशय येईल. मलाही येतोय. मग कॅमेरा चुकला कुठे?"

वही आपणच तपासली म्हणावं, तर पुराव्यात ढवळाढवळ. न म्हणावं, तर चौदा वर्षं पाण्यात.

"एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये," ते पुटपुटले.

"तुमच्याकडे तरी दुसरं कुठे आहे?"

पद गेलं. बाहेर गुरमीत वही उघडून उभा होता.

"बाहर आए, साढ़े बारह. चेहरा उतरा हुआ. लिखूं, सरजी?"

हेरंबनी चष्मा काढून रुमालाने पुसला. पुन्हा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"उतरा हुआ मत लिखिए. वो अंदाजा है. लिखिए, चश्मा पोंछा. चार बार."

"पांच बार, सरजी," गुरमीत हळूच म्हणाला.