संजीवनीबाईच्या वजनाचा गूळ

अमडापुरात माणूस जाड झालं तर कोणी काही विचारत नाही. दोन घास सुखाचे खात असेल, म्हणतात आणि आपल्या वाटेनं जातात. पण माणूस वाळायला लागलं की सगळी गल्ली डॉक्टर होते.

संजीवनीबाई घरी ब्लाउज शिवायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा शिवम पुण्यात नोकरीला, घरात ती आणि शिलाई मशीन. दिवसभर बसून बसून वजन शहाण्णव किलोवर गेलं आणि गुडघ्यांनी संप पुकारला. दुखणं तिनं सोसलं असतं. सोसवली नाही ती खुर्ची. भंडारा असो की बारसं, पंगत भुईवर बसायची, आणि संजीवनीबाईला खाली बसता येत नाही म्हणून कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून मांडवाच्या खांबाला टेकवायचं. मग ताट मांडीवर घेऊन ती जेवायची. खाली बायका एकमेकींच्या पानातलं उचलून खात, खिदळत. तिला वरून त्यांचे भांग तेवढे दिसत. रिकाम्या घरात एकटं जेवायची तिला सवय झाली होती. दोनशे माणसांत एकटं जेवायची काही होत नव्हती.

म्हणून दिवाळीनंतर तिनं मनावर घेतलं. चिखलीचा डॉक्टर म्हणाला, वीस किलो उतरवा, गुडघे आपोआप ऐकतील. साखर बंद, रात्री एकच भाकर, सकाळी चिखली रस्त्यानं पायपीट. दर गुरुवारी पंजाबरावांच्या किराणा दुकानात पोती मोजायच्या काट्यावर ती उभी राहायची. पण तिचं खरं माप घरी होतं. स्वयंपाकघरात चार पाट एकावर एक रचून त्यावर ती जेवायला बसे. एक पाट काढता आला की तो दिवस सणाचा. फेब्रुवारीत काटा त्र्याऐंशीवर आला आणि चाराचे दोन पाट राहिले. चैत्रात देवीचा भंडारा होता. तोवर भुईवर टेकायचं आणि पंगतीत बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

इकडे पंजाबरावांची काळजी वाढत होती. बाई दर आठवड्याला वजन करते, आकडा पाहून गप्प उभी राहते, महिन्याला डॉक्टरकडे जाते, आणि अंगावरचे कपडे तर लोंबायला लागलेत. त्यांनी बायकोच्या कानात सांगितलं, की मोठं दुखणं दिसते. कानात सांगितलेली गोष्ट आमच्याकडे सर्वांत जोरात पळते.

पहिली आली समोरची पुष्पाबाई. साठीची, फटकळ, सहा वर्षांत उंबऱ्याच्या आत न आलेली. वाटीत तूप सोडलेला शिरा होता.

"खाय वं संजू," ती म्हणाली. "किती सुकली माय तू! काऊन सांगतलं नाई कोणाले?"

आणि ती बसली. चांगली तासभर बसली. सून, म्हैस, गुडघा, जावई, सगळं बोलली. संजीवनीबाईनं शिरा खाल्ला. चार महिन्यांनी साखर जिभेला लागली होती, पण तिला गोड लागलं ते समोरचं माणूस.

दुसऱ्या दिवशी कोणी खीर आणली, तिसऱ्या दिवशी कोणी पुरणपोळी. आणणारी वाटी ठेवून लगेच परत जात नव्हती, बसत होती. घरात गप्पांचा आवाज घुमायला लागला. आपल्याला काय झालंय असं या समजतात, हे तिला दोनच दिवसांत कळलं होतं. तिनं खोटं एकदाही सांगितलं नाही. खरं सांगायचं मात्र रोज राहून गेलं. आज सांगितलं तर उद्या कोण येईल, ही भीती साधीसुधी नव्हती. सकाळी चहाला कोणी ना कोणी यायचं, म्हणून चालणं बंद झालं. काट्याकडे जाणं बंद झालं. महिन्याभरात दोन पाटांचे पुन्हा तीन झाले.

"आता जरा तेज आलं तोंडावर," बायका म्हणायच्या, आणि त्याचं श्रेय आपापल्या वाटीला द्यायच्या.

भंडाऱ्याच्या दिवशी ती मांडवात गेली तेव्हा खुर्ची तयार होती. या वेळी तर वर उशीही ठेवलेली. पंगत बसली. पुष्पाबाईच्या शेजारी एक जागा रिकामी होती. संजीवनीबाई त्या जागेकडे पाहत राहिली. फेब्रुवारीतला जोर टिकला असता तर आज ती तिथं असती.

तेवढ्यात पुष्पाबाई पानावरून उठून तिच्याजवळ आली आणि खुर्चीपाशी उकिडवी बसली. तिचे डोळे भरलेले होते.

"कोणाले सांगू नको संजू. मी देवीले बोलली हाय. तू यातून उठली का तुह्या वजनाइतका गूळ तोलून गावाले वाटीन."

शिरा खाणं वेगळं आणि देवीच्या दारात नवस बोलू देणं वेगळं. पुष्पाबाईच्या घरची परिस्थिती तिला माहीत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ते डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "मले काईच झालं नाई. गुडघ्यासाठी वजन कमी करून राह्यली होती. दुसरं काई दुखणं नाई."

आजूबाजूच्या बायकांनीही ते ऐकलं. पुष्पाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मंग शिरा काऊन खाल्ला?"

"तुम्ही बसत होत्या म्हणून."

पुष्पाबाई उठली आणि पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

त्यानंतर कोणी आलं नाही. गावाची तोंडं कोण धरणार? लबाड म्हणाले, नाटकी म्हणाले, शिरा उकळायची नवी तऱ्हा म्हणाले. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका दारातूनच कापड द्यायच्या. संजीवनीबाईनं एकदा स्वतःच शिरा केला, भरपूर तूप घालून, आणि तीन पाटांवर बसून कढईतूनच खाल्ला. त्याला काहीच चव नव्हती. चालायला जावंसं वाटेना. पंगतीत बसायचं म्हणून सगळा खटाटोप. आता शेजारी कोण बसू देणार होतं?

तीन आठवड्यांनी, एका सकाळी पुष्पाबाई दारात उभी राहिली. हातात वाटी नव्हती.

"मी आत येत नाई," तिनं आधीच सांगून टाकलं. "देवीले बोललेलं फेडा लागते. तू उठली का गूळ वाटीन, असं मी बोलली. तुले तं काई झालंच नव्हतं, म्हणजे तू आधीपासून उठेलच हायेस."

"मावशी, गूळ मी आणतो."

"नवस मी बोलली. गूळ माह्याच घरचा. घटस्थापनेले तुले देवीपुढं काट्यावर बसा लागन. किती भरते तू आता?"

संजीवनीबाई आदल्याच दिवशी, कितीतरी दिवसांनी, पंजाबरावांकडे जाऊन आली होती. "सत्त्याऐंशी," ती खालमानेनं म्हणाली.

"सत्त्याऐंशी!" पुष्पाबाईनं चौकट धरली. "काऊन माह्या जिवावर उठली वं? माह्या घरी काय उसाचा मळा हाय? नवरात्राले पाच महिने हायेत. जेवढी उतरता येते तेवढी उतर. माह्यावर उपकार कर."

आणि ती पदर झटकून गेली.

दुसऱ्या दिवशी संजीवनीबाई चपला घालून निघाली. गुडघे कुरकुरले, तिनं कुरकुरू दिले. रस्त्यावर ती एकटीच होती. परत आली तेव्हा घरही तसंच रिकामं होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटलंच. पण तिनं तिसरा पाट उचलून फळीवर ठेवला आणि दोनांवर बसली. देवीपुढं तोलणं झालं, गूळ वाटला, की मग पंगत बसणार होती. तिथं खुर्ची मागायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं.

पुष्पाबाई काही घरात आली नाही. मात्र दर गुरुवारी, संजीवनीबाई पंजाबरावांकडून परत येताना, ती आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असे. मान वर करत नसे.

"किती?" सुपाकडे बघतच विचारायची.

"ब्याऐंशी."

"अजून लय हाय."

आठवड्याचं बोलणं एवढंच. पण गुरुवारची वाट संजीवनीबाई शुक्रवारपासून पाहायची.