पलीकडच्या काठावरून

“ही पायरी चढलीस की आवाज खाली ठेवायचा. इथे पुस्तकं वाचणाऱ्याशी बोलत असतात. आपण मध्ये तोंड घालायचं नाही.”

थोरल्या बाईंचं हे जुनं बोलणं मनात घेऊनच धाकट्या बाईंनी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीचं दार लोटलं, हेडफोन डोक्यावर चढवला आणि कादंबरीचा पहिला परिच्छेद वाचून काढला. मग मान वर करून संगणकाकडे पाहिलं. आवाजाची हिरवी रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ होती.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून मुख्य ग्रंथालयातल्या प्रशिक्षिका म्हणाल्या, “मॅडम, करा ना सुरुवात.”

“केली की.”

“कधी?”

“आत्ता. परिच्छेद संपलासुद्धा.”

प्रशिक्षिकांनी ओठ मिटून हसू आवरलं. “मग माइकला ते कळू दे ना.”

ग्रंथालयात आधी थोरल्या बाई होत्या. त्यांच्या हाताखाली या लागल्या, म्हणून वाचकांनी यांना धाकट्या बाई करून टाकलं. थोरल्या निवृत्त झाल्या, यांच्या डोक्यावर पांढरे केस आले, तरी वाचकांच्या तोंडी त्या धाकट्याच राहिल्या. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. कुणी नेमाने पहाटे उठतं, कुणी नेमाने दोन घास कमी खातं. धाकट्या बाईंनी आवाजाचा नेम धरला होता. तो इतका अंगवळणी पडला की घरीही सुटेना. नवरा म्हणायचा, “तुझ्याशी भांडायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो.”

पुढे थोरल्या बाईंची नजर गेली. त्या मुलाकडे राहायला दूरच्या गावी निघाल्या, तेव्हा त्यांची एक जाडजूड कादंबरी निम्मीच वाचून झाली होती. एका नावाड्याच्या तीन मुलींची गोष्ट. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, “त्या पोरी शेवटी नदी ओलांडतात का, तेवढं कळायला हवं होतं गं.”

“मी वाचून दाखवीन ना, बाई. शेवटच्या पानापर्यंत.”

बोलून तर गेल्या. मधे एवढं अंतर, वाचणार कसं? तेवढ्यात मुख्य ग्रंथालयाने श्राव्य विभाग काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात साठवायची, आणि वाचायची ग्रंथपालांनीच. ज्यांचा आवाज जमणार नाही, त्यांची पुस्तकं यंत्राच्या आवाजात जाणार होती. यंत्राचा तो आवाज थोरल्या बाईंनी सुनेच्या फोनवर एकदा ऐकला होता. “मेला, आई वारल्याचंही हवामानासारखं सांगतो,” असं म्हणून त्यांनी फोन उशीखाली सारला होता.

तेव्हा धाकट्या बाईंनी कंबर कसली. आवाजाचा तुकडा कापायचा कसा, सांधायचा कसा, पानाचा सळसळाट पुसायचा कसा, सगळं शिकल्या. प्रशिक्षणाच्या वर्गातले बाकीचे फायली हरवून बसायचे. यांची फाईल मागितली की क्षणात पुढे. ठेवलेली वस्तू सापडलीच पाहिजे, हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. आपल्याला हे जमतंय, या खुशीत त्यांनी थोरल्या बाईंचं वाचायचं राहिलं होतं तिथून पुढचं एक अख्खं प्रकरण वाचलं आणि सूनबाईंच्या फोनवर पाठवून दिलं. रेघ अजूनही आडवीच होती. पण मोबाईलवर आवाज वाढवता येतो, असं त्यांनी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

“ऐकलं का, बाई?”

“ऐकलं तर! शूऽऽ!”

“म्हणजे?”

“अगं, एवढंच ऐकलं! सगळं प्रकरण मुकं, आणि मध्येच एक शूऽऽ! दचकून माझा चहा सांडला.”

धाकट्या बाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. वाचता वाचता बाहेर कपाटाआड दोघं बोलायला लागले होते. माइक चालू ठेवूनच त्या दाराकडे वळल्या होत्या. त्यांनी घाईघाईने फाईल उघडली. लांबच लांब सपाट रेघ आणि मधोमध एकच उंच सुळका.

“सूनबाई म्हणाली, आई, ही फाईल बिघडलीय,” थोरल्या बाईंचं हसू थांबत नव्हतं. “मी म्हटलं, बिघडेल कशी? माझ्या हाताखालची आहे ती! तशी शू दुसऱ्या कुणाला जमायची नाही.”

“बाई, माझ्याच्याने आवाज निघतच नाही हो. तुम्हीच तर सांगितलं होतंत.”

थोरल्या बाईंचं हसू ओसरलं.

“तिथे वाचणाऱ्याला शांतता लागायची, म्हणून सांगितलं,” त्या म्हणाल्या. “इथे ती दिवसभर पुरून उरते. मला आणखी नको पाठवूस.”

“मग कसं वाचू?”

“मी पलीकडच्या काठावर आहे आणि तू मला हाक मारतेयस, असं वाच.”

त्या दुपारी धाकट्या बाईंनी खुर्ची बाजूला सारली आणि उभ्या राहिल्या. पुस्तक छातीसमोर धरलं. पहिला शब्द निघाला आणि त्यांचा हात आपसूक तोंडाकडे गेला, इतका तो आवाज त्यांना परका वाटला. हात खाली घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. नावाड्याची थोरली मुलगी धुक्यात उभी राहून बापाला हाका मारत होती, आणि पडद्यावर रेघेच्या टेकड्या होत होत्या, टेकड्यांचे डोंगर. प्रकरण संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

दारावर टकटक झाली. शिपाईमामा डोकावले.

“बाई, आत कोण आलंय?”

“मीच आहे.”

मामांनी तरीही खोलीभर नजर फिरवली. “मग हा आवाज इतकी वर्षं कुठे होता?”

“आतल्या कपाटात,” धाकट्या बाई म्हणाल्या. “कुणी मागितलाच नाही.”

पुढच्या वर्गात प्रशिक्षिकांनी तोच तुकडा सगळ्यांना ऐकवला. चौकटीचौकटीतले ग्रंथपाल कान देऊन बसले. धाकट्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी ओठांच्या कडांवरचं हसू काही आवरेना.

“यंत्राकडे नाही ना द्यायचं माझं पुस्तक?” त्यांनी विचारलं.

“यंत्रालाच शिकायला तुमच्याकडे पाठवते, मॅडम. फक्त एक करा. शेवटी शेवटी मागून कुणीतरी ‘कोण वाचतंय गं?’ असं विचारतंय. तेवढं पुन्हा घ्या. आणि पुढची प्रकरणं वाचताना बाहेरचे आवाज येऊ देऊ नका.”

वर्ग संपला. धाकट्या बाई वाचनकक्षात आल्या. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ ही लाकडी पाटी होती, थोरल्या बाईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. स्टुलावर चढून त्यांनी ती उतरवली, वरची धूळ पदराने टिपली. वर्तमानपत्रांआडून माना वर झाल्या.

“अहो बाई, पाटीच काढली?” मामा धावत आले. “आता कुणी बोललं तर?”

पाटी घेऊन धाकट्या बाई मागच्या खोलीपाशी गेल्या, दाराच्या बाहेरच्या खिळ्यावर ती टांगली आणि सरळ आहे ना, हे जरा मागे सरून पाहिलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं. पाण्याचा पेला जवळ ओढला, खुणेचं पान उघडलं, आणि समोरच्या भिंतीच्याही पलीकडे कुणी उभं असावं तशी नजर लांब लावून लाल बटण दाबलं.